भिकोच्या मागून चढताना

भिको गेल्याची बातमी आली तेव्हा मी सातवीच्या वर्गात त्रैराशिक शिकवत होतो. त्याचा शेजारी भिजलेलं घोंगडं डोक्यावर तसंच ठेवून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, भिको गेलो." मी "बरं" म्हटलं, फळ्याकडे वळलो आणि गणित पुरं केलं. नऊ मजुरांना बारा दिवस लागतात, तर सहा मजुरांना किती... उत्तर अठरा आलं. त्याखाली दोन रेघा मारल्या, मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगितलं आणि मग खडू खाली ठेवला. हेडमास्तर नंतर म्हणाले, कमाल आहे तुमच्या मनाच्या घट्टपणाची! घट्टपणा कसला डोंबलाचा? मला त्या वेळी काहीच वाटलं नाही, आणि वाटत नाही हे पोरांना कळू नये म्हणून मी गणित सोडवत राहिलो.

त्याला आता सहा आठवडे झाले. या पुरवणीच्या संपादकांचं पत्र आलं की भिकाजी परब हा आपल्या भागातला पहिला लांब पल्ल्याचा धावपटू, तुम्ही त्याच्याबरोबर धावला होता, तेव्हा चार शब्द लिहा. गोड लिहा असं त्यांनी म्हटलेलं नाही, पण अशा लेखात काय लिहायचं असतं ते मलाही ठाऊक आहे. मेल्या म्हशीला मणभर दूध. भिको हसतमुख होता, परोपकारी होता, त्याच्या जाण्याने कट्टा गावच्या बाजारात पोकळी निर्माण झाली वगैरे. ते मला जमायचं नाही. भिको हसतमुख नव्हता. तो तिरसट होता, लागट बोलायचा, आणि मला जे काही नीट करता येतं ते त्यानेच शिकवलं. तेव्हा जसं झालं तसं लिहितो. हे छापून आल्यावर गावातले लोक मला शिव्या घालतील. घालूदेत.

आमचा गाव कट्ट्यापासून दोन-अडीच मैल आत. भिको माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, आणि टपालाचा रनर होता. आताच्या मुलांना हे सांगावं लागतं. कट्ट्याला टपालाची पिशवी यायची, ती खांद्यावर टाकून त्याने सडा, म्हणजे आमचा कातळाचा माळ, ओलांडायचा, घाटी चढायची-उतरायची आणि किनाऱ्याकडच्या टपालात पोचवायची, आणि तिकडची पिशवी घेऊन तसंच परत यायचं. रोजचे चौदा मैल. हातात घुंगरं बांधलेली काठी. ती घुंगरं वाजली की बायका चुलीवर भात ठेवायच्या, इतका त्याचा वेळ पक्का. आणि एक रीत होती, जुन्या लोकांनी कसोशीने पाळलेली, की डाक वाटेला लागली की वाट सोडायची. बैलगाडी असो, वरात असो, प्रेत का असेना, बाजूला व्हायचं. आणि डाकेच्या पुढे कधी जायचं नाही. मागून चाला, हवं तर धावा, पण रनरला ओलांडून जाणं म्हणजे अपशकून. मुंबईहून मनिऑर्डर येईनाशी होते म्हणत.

मी व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन घरी बसलो होतो. वडील नव्हते, आई लोकांच्या शेतावर जायची, आणि अंगातली रग जिरवायला मला दुसरं काही नव्हतं. एके दिवशी त्याच्या मागून धावत सुटलो. सड्यावर काही वाटलं नाही. घाटी लागली आणि अर्ध्यावर माझी फे फे उडाली. भिको वर जाऊन थांबला नाही, नुसता ओरडला, "म्हशी राखूक जा रे, म्हशी!" दुसऱ्या दिवशी मी परत हजर. आठवडाभर त्याने मला असंच कुत्र्यासारखं पळवलं. आठव्या दिवशी घाटीच्या पायथ्याशी उभा राहिला, कमरेच्या पिशवीतून एक सोल काढलं आणि माझ्या तोंडात कोंबलं. सोल म्हणजे आपलं आमसूल, कोकमाची वाळवलेली साल. म्हणाला, "ह्यां गालात धर. चावूचां नाय, थुकूचां नाय. आनि तोंड उघडूचां नाय."

हीच त्याची सगळी विद्या. चढणीत श्वास नाकाने घ्यायचा. तोंड उघडावं लागलं की समजायचं, आपण उडी मोठी घेतली. सोल तोंडात असलं की तोंड मिटलेलं राहतं, घसा सुकत नाही, आणि ते हळूहळू विरघळतं त्यावरून चढणीचं मापही कळतं. माथ्यावर पोचताना गालात फक्त चोथा उरला पाहिजे. आधीच संपलं तर घाई झाली, अख्खंच राहिलं तर कुचराई. पावलं लहान टाकायची, नजर चार हातांवर ठेवायची, माथ्याकडे बघायचं नाही आणि मागे तर मुळीच नाही. आणि माथा आला म्हणून सैल पडायचं नाही, कारण चढण माथ्यानंतरच्या शंभर पावलांत जिंकायची असते, तोवर दुसरा हुश्श करत असतो. उतरणीला तोंड उघडायचं, अंग सोडून द्यायचं, पाय आपोआप येतात. हे सगळं त्याने मला व्याख्यान देऊन सांगितलं नाही. चुकलो की काठीचं टोक पोटरीवर बसायचं. काळेनिळे वळ उठायचे पायांवर. एकदा व्हाळात, ओढ्याच्या दगडांत, माझा पाय मुरगळला तर मला आणि पिशवीला दोघांना खांद्यावर घालून तो घाटी उतरला, आणि सबंध वाटभर मला शिव्या देत होता की तुझ्यापायी डाक उशिरा पोचणार. मला वाटतं तो त्याच्या आयुष्यातला एकच उशीर.

दोन वर्षं मी त्याच्या मागून धावलो. शेवटी शेवटी घाटीवर त्याच्या टाचेला माझा अंगठा लागायचा. त्याचा श्वास ऐकू यायचा... नाकातून, भात्यासारखा, जरा घाईचा. माझा शांत असायचा. पण डाकेच्या पुढे जायचं नाही, तेव्हा मी पुढे कधी गेलो नाही. जाता आलं असतं का? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, हे इथेच लिहून ठेवतो.

मग दोन गोष्टी एकाच महिन्यात झाल्या. किनाऱ्याचा रस्ता पक्का झाला आणि मोटार सुरू होणार असं ठरलं. मोटार आली की पिशवी मोटारीतून जाणार, रनर घरी बसणार. भिकोचं नुकतंच सुमतीवैनींशी लग्न झालं होतं. आणि त्याच सुमाराला नाना गावी आले. नाना आमच्याच वाडीचे, मुंबईला एका गिरणीत जॉबर, म्हणजे माणसं कामाला लावणारे मुकादम. त्या काळात गिरण्यांना कबड्डीवाले, धावणारे हवे असायचे. मुंबई अजून द्विभाषिकातच होती आणि शहरात सव्वीस मैलांची रस्त्यावरची शर्यत व्हायची, तीत गिरणीचं नाव यावं म्हणून साहेब लोक माणसं शोधायचे. नानांनी आम्हाला घाटी चढताना पाहिलं. संध्याकाळी आमच्या खळ्यात बसून म्हणाले, "दोगांकव शर्यतीक घेवन जातंय. पन जागा एकच आसा. दोगांत जो पुढे येतलो तो कायम. दुसऱ्यान परतीच्या बोटीत बसायचां." आई आतून ऐकत होती. नाना गेल्यावर बाहेर आली आणि नुसती माझ्या पायांकडे बघत राहिली.

निघण्याच्या आदल्या दिवशी देवळात गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, ही दोन लेकरां मुंबैक चालली हत, तेंका दोगांकव यश दी रे महाराजा!" आणि सगळा गाव "व्हय महाराजा!" म्हणाला. जागा एक आणि यश दोघांना. देवाला तरी कोड्यात का टाकता, असं मला तेव्हाच वाटलं होतं, पण मीही सगळ्यांबरोबर मोठ्याने "व्हय महाराजा" म्हटलं. मालवणला बोटीत चढलो आणि दोघेही भाऊच्या धक्क्यापर्यंत ओकत गेलो. भिको कठड्याला धरून म्हणाला, "बाळ्या, ह्या दर्यापेक्षा माझी घाटी बरी." तेवढं हसलो. त्यानंतर आम्ही दोघं कधी एकत्र हसल्याचं मला आठवत नाही.

शर्यतीच्या आधी दोन दिवस आम्ही सबंध रस्ता पायी फिरून पाहिला. भिकोचा तो आग्रहच होता. नाना म्हणाले, बसने दाखवतो, तर हा म्हणतो, बशीत बसून चढण कळते होय? फोर्टातल्या मैदानातून निघायचं, समुद्राच्या कडेने चौपाटी, तिथून वाळकेश्वरची चढण, मग खाली उतरून लगेच पेडर रोडची, तिथून वरळी, माहीम, बांद्र्याची टेकडी, आणि मग मागे वळायचं. येताना वाळकेश्वर नाही, पण पेडर रोड उलट्या बाजूने परत चढायचाच. भिको प्रत्येक चढणीची पावलं मोजत होता. डांबराची चढण दिसते सपाट आणि पोटरीत शिरते हळूच, हे त्याला लगेच कळलं. प्रत्येक चढणीला एक अशी त्याने सोलं मोजली, चार त्याची, चार माझी, आणि माझ्या बनियनच्या आत सुमतीवैनींनी शिवून दिलेल्या कप्प्यात स्वतःच्या हाताने ठेवली. मग म्हणाला, "बांद्र्यापर्यंत माझ्या मागसून ये. चढणीत पुढे जायचां नाय. वेग मी धरतंय, तू फक्त सोल सांभाळ. बांद्र्याक वळलंव की मगे ज्याचो तो." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? दोन वर्षं वेग त्यानेच धरला होता.

सकाळी साठ-सत्तर जण उभे होते. पलटणीतले जवान, रेल्वेतले, गिरण्यांचे, दोन गोरे साहेबसुद्धा. आम्ही दोघंच अनवाणी. चौपाटीपर्यंत कसं गेलो ते कळलंही नाही. वाळकेश्वरच्या पायथ्याशी मी सोल गालात धरलं आणि तोंड मिटलं. आणि भिकोने वेग धरला... असा वेग त्याने घाटीवर कधी धरला नव्हता. दहा पावलांत माझ्या नाकपुड्या फुटायची वेळ आली. मी त्याच्या पाठीकडे बघत होतो. पाठ ताठ, मान सरळ, जसं काही सड्यावर चाललाय. घाटीवर मला त्याचा श्वास ऐकू यायचा. इथे बुटांचा खडखडाट, मोटारींचे भोंगे, कडेला कुणी बँड लावलेला, काही म्हणजे काही ऐकू येईना. माझ्या मनात एकच, की हा तोंड मिटून या वेगाने चढतोय तर मलाही चढलं पाहिजे. मी जरा मागे पडलो तर त्याने मान न वळवता हाक दिली, "सोल सांभाळ रे!" मी सांभाळलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, छातीत कोणी तापलेला तवा ठेवावा तसं झालं, पण ओठ उघडले नाहीत. माथ्यावर पोचलो तेव्हा माझ्या गालात सोल जवळजवळ अख्खंच होतं. लाळच सुटली नव्हती, विरघळणार कसं?

पेडर रोडला पुन्हा तेच. पुन्हा तो वेग, पुन्हा "सोल सांभाळ". त्यानंतर माझे पाय माझे राहिले नाहीत. वरळीला तो शंभर पावलं पुढे होता, माहीमला दिसेनासा झाला, आणि बांद्र्याहून वळून तो मला समोरून येताना भेटला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तरी धावत होतो. का धावत होतो देव जाणे. आई पायांकडे बघत होती ते डोळ्यांपुढे होतं, बाकी डोक्यात काही नव्हतं. परतीच्या पेडर रोडवर, वळणापाशी, एका बंगल्याच्या फाटकासमोर मी कोसळलो. एक पारशी म्हातारा काठी टेकत बाहेर आला, "अरे डिकरा, मरून जाशील" म्हणत त्याने माझ्या डोक्यावर बादली ओतली आणि तोंड उघडायला लावलं. त्याने बोट घालून माझ्या गालातून सोल काढलं आणि घाबरून नोकराला विचारलं, "आ सूं छे? विष छे के?"

भिको सातवा आला. मी मैदानात पोचलो तो पारशाच्या मोटारीतून. नाना तोंड फिरवून उभे होते. भिको अंगाला टॉवेल गुंडाळून बसला होता, कुणीतरी त्याचा फोटो काढत होतं. मी समोर गेलो. त्याने माझ्याकडे वर पाहिलं आणि म्हणाला, "तुझी छातीच ल्हान रे बाळ्या. पाय आसत, पन छाती नाय. तू तरी काय करतलंस!" शांतपणे म्हणाला. जणू वैद्याने नाडी बघून सांगावं.

आणि मी ते मानलं. हे सांगताना आजही मला माझीच चीड येते, पण मानलं खरं. ज्याने धावायला शिकवलं त्यानेच सांगितल्यावर शंका कुठे काढायची? परतीच्या बोटीत एकटा बसलो. घरी आल्यावर आईला म्हटलं, माझी छाती लहान आहे. तिने ते इतकं मनाला लावून घेतलं की वर्षभर रोज माझ्या छातीला कापूर घातलेलं खोबरेल चोळायची, घरात अंडं येऊ न देणारी ती माउली शेजारणीकडून अंडी आणून मला खायला घालायची. छाती काही वाढली नाही. मी धावणं सोडलं, मास्तर झालो, आणि कुठलीही गोष्ट हातून सुटली की मनात म्हणायचो, आपली छातीच लहान. मुलगी बघायला गेलो आणि नकार आला, छाती लहान. हेडमास्तरची जागा दुसऱ्याला मिळाली, छाती लहान. माणसाला एकदा स्वतःचं माप कळलं की बरं असतं एका परीने. मी त्या मापात घर करून राहिलो होतो.

भिको मुंबईला कायम झाला. दरवर्षी शिमग्याला यायचा, आणि न चुकता माझ्यासाठी कॅनव्हासचे बूट आणायचा. "मास्तर, घेवा," म्हणून ओट्यावर ठेवायचा आणि चहा न घेता जायचा. बाळ्या म्हणणं त्याने मुंबईला गेल्यावर सोडलंच. मी ते बूट शाळेतल्या पोरांना देऊन टाकायचो. दोन-तीन वर्षं तो शर्यती धावला, मग गिरणीला त्याच्या धावण्याची गरज राहिली नाही आणि त्याला कापसाच्या खात्यात टाकलं. तिथे त्याला खोकला धरला. ज्या छातीने त्याने मला हरवलं ती छाती कापसाने भरत गेली. दोन वर्षांपूर्वी तो गावी परतला तो खाटेवर पडण्यासाठीच. लोक म्हणायचे, बघ मास्तर, तू वाचलास, ती नोकरी तुला मिळाली असती तर आज तू खाटेवर असतास. मी हो म्हणायचो. मनात थोडं गारही वाटायचं. कशाला खोटं बोलू?

तो जाण्याच्या चार दिवस आधी वैनींनी निरोप पाठवला, तुमका बोलावल्यानी हा. दुपारची शाळा सुटल्यावर गेलो. पडवीत खाट, खाटेला लागून मातीची भिंत, उशाला टेकून तो अर्धवट बसलेला. हाडांवर कातडं. वैनी आत गेल्यावर म्हणाला, "दार लोट." लोटलं. बराच वेळ खोकत राहिला. मग म्हणाला,

"बाळ्या..."

दहा वर्षांनी त्याने मला बाळ्या म्हटलं.

"वाळकेश्वराच्या चढणीत माझ्या तोंडात सोल नव्हतां."

मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, "काय नव्हतां?"

"सोल. चौपाटीर खालीच थुकलंय. तोंड उघडां टाकून चढलंय मी. तू मागे होतंस, तुका काय दिसतलां?"

"आणि पेडर रोडला?"

"थयसरव."

"मग ‘सोल सांभाळ’ म्हणून ओरडत होतास ते?"

"तां तुझ्यासाठी," तो म्हणाला, आणि डोळे मिटले. मग मिटल्या डोळ्यांनी सांगत राहिला, थांबत थांबत, श्वास मिळेल तसा. घाटीवर माझा श्वास ऐकू यायचा नाही याची त्याला महिनाभर धास्ती होती. मोटार येणार, पिशवी जाणार, त्याला दुसरं काही करता येत नव्हतं. मला लिहिता-वाचता येत होतं, मी कुठेही चिकटलो असतो. बोटीत ओकताना त्याने ठरवलं. छाती लहान असं मुद्दाम म्हटलं, म्हणजे मी परत कधी धावणार नाही आणि हे कधी कळणार नाही. सगळं ओळीने सांगितलं, जसं पिशवीतून एकेक पत्र काढून द्यावं.

मी काय करायला हवं होतं? शहाणी माणसं सांगतील की हात हातात घ्यायला हवा होता. मी खाटेच्या पायाकडे बघत बसलो. माझ्या डोक्यात घुमत होतं... आईचं कापूर घातलेलं तेल, अंडी, ती दहा वर्षं, आणि माझी ती छाती. मला रडूही आलं नाही. असं वाटलं की कुणीतरी माझ्या घराचे वासे बाहेरून उपसून नेतंय आणि मी आत बसून बघतोय. लहान छातीचा माणूस म्हणून मी बरा होतो. आता मी कोण?

तेव्हा त्याने डोळे उघडले आणि विचारलं. एवढंच विचारायला त्याने मला बोलावलं होतं, ते आता कळलं.

"बाळ्या, एक सांग. खरां सांग. मी थुकलंय नसतंय, दोगंव नीट चढलो असतंव... तरी मीच पुढे इलो असतंय मा?"

म्हणजे त्यालाही ते माप हवं होतं. मरताना त्याला एवढं ऐकायचं होतं की लबाडी केली नसती तरी तोच जिंकला असता, म्हणजे लबाडी फुकट गेली, पण धावणं खरं. माझ्या हातात होतं. "व्हय रे, तूच" एवढे तीन शब्द. खरं काय ते मला माहीत नव्हतं. मी त्याच्या पुढे कधी गेलोच नव्हतो, तर कसं माहीत असणार? कुणालाच कधी माहीत होणार नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तोंड उघडं होतं, श्वासासाठी.

"नाय," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, समजलं अशी. मी उठलो, दार उघडलं, वैनींनी पुढे केलेला चहा उभ्यानेच प्यायलो आणि घरी आलो. आणि बरं वाटलं. त्या रात्री मला इतकी गाढ झोप लागली की आईने हाक मारून उठवलं. हेही लिहून टाकतो. चौथ्या दिवशी तो गेला आणि मी त्रैराशिक पुरं केलं.

बाराव्याला गेलो तेव्हा गर्दी होती. नंतर परवा एकटा गेलो, चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, तयारीला काही हवं-नको विचारायला. वैनी पडवीत बसल्या होत्या. खाट उभी करून ठेवली होती. त्यांनी मला पाट दिला आणि म्हणाल्या, "भावजी, तुमी त्या दिवशी इलास तां बरां केलास. तेंका तुमची लय ओढ होती. पन तुमी गेल्यार तेंनी भिंतीकडे तोंड केल्यानी, तां मगे इकडे वळवल्यानीच नाय. पेज घेतल्यानी नाय, माझ्याकडे बोलले नाय. चार दिवस तसेच. काय बोलनां झालां तुमचां?"

मी म्हटलं, "शर्यतीची गोष्ट निघाली होती."

वैनींचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "बरां झालां गे बाई," त्या म्हणाल्या, "ती गोष्ट काढली काय तेंका बरां वाटायचां. म्हंजे जाताना मनात तीच होती म्हना." आणि पदराने डोळे पुसले. मग उठून त्यांनी भिंत दाखवली. खाटेच्या उशाशी, माणसाचं डोकं टेकतं तेवढ्या उंचीवर, लाल मातीवर तेलाचा एक काळसर डाग पडला होता, आणि त्याच्या मधोमध कपाळाएवढी जागा घासून गुळगुळीत झाली होती. वैनी त्यावरून हात फिरवत होत्या. चवथीआधी सगळ्या भिंतींना माती लावायची असते, बाकीच्या तिन्हींना त्यांची लावून झाली होती, ओल्या मातीचा वास येत होता.

"हीच एक ऱ्हवली हा," त्या म्हणाल्या. "हात होत नाय. भावजी, तुमीच सांगा, माती लावू काय ह्यो डाग ऱ्हवांदे?"

मी म्हटलं, "राहू दे, वैनी." त्यांनी मातीची बादली उचलून आत नेली.